खाचरातला तवंग, तांबडा गाळ आणि ‘विजेचे जिवाणू’

नमस्कार मंडळी, कोकणातून भाताबद्दल बरेच मेसेज आलेत. खाचरात पाण्यावर तेलकट तवंग येतोय, बांधातून पाणी झिरपतं तिथे तांबडा गाळ बसतो, खालच्या पानांवर तांबूस ठिपके पडलेत, हा रोग कुठला? आणि ‘विजेचे जिवाणू’ म्हणून बाटली विकतायत ती घ्यायची का?

आधी तवंगात काडी फिरवून बघा. तुकडे पडले आणि वेगळेच राहिले तर ते लोह, लगेच परत जुळून आला तर पंपाचं ऑइल गळतंय.

ठिपके टोकाकडून सुरू होऊन सगळं पान तांबूस होत असेल तर तो बहुतेक रोग नाही, लोह जास्त झालंय. पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो, मग जिओबॅक्टरसारखे जिवाणू श्वासासाठी जांभ्यातलं लोह वापरतात. आता हे लोह घट्ट, पेशीच्या आत जाऊच शकत नाही, म्हणून हे जिवाणू प्रथिनांच्या बारीक तारांमधून इलेक्ट्रॉन बाहेर सोडतात आणि लोहाला देतात (म्हणूनच त्यांना ‘विजेचे जिवाणू’ म्हणतात), तसं लोह पाण्यात विरघळतं, आणि हवा लागली की परत तांबडं होऊन बसतं. यात फायदाही आहे हं, लोहाने धरून ठेवलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा होतो. पण प्रमाण वाढलं की भाताला बाधतं.

म्हणून बाटलीवर पैसे घालवू नका. हे जिवाणू तुमच्या चिखलात आधीच भरपूर आहेत, आणि ठिपके पडलेल्या खाचरात त्यांना आवरायचंय, वाढवायचं नाहीये.

एक रोप उपटून मुळं धुवा. तांबूस असतील तर घाबरू नका, मुळं स्वतः ऑक्सिजन सोडून लोह बाहेरच अडवतायत. काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास आला तर मात्र लगेच पाणी काढा. फुटवे येत असताना चार-पाच दिवस पाणी काढून ठेवा, पण भेगा पडू देऊ नका, आणि त्या दिवसांत युरिया टाकू नका, कारण त्याचं नायट्रेट होतं आणि परत पाणी भरलं की नत्र हवेत उडून जातं. पोटॅश चुकवू नका, बरेच जण तेच टाळतात. वरच्या भरडाचं, म्हणजे उंचावरच्या जमिनीचं, पाणी खाचरात उतरत असेल तर वरच्या अंगाला चर खणा. गिरिपुष्पाचा ओला पाला लावणीच्या तोंडावर गाडू नका, आधी कुजू दे.

फोटो पाठवताना पानाबरोबर धुतलेल्या मुळांचाही पाठवा, नुसत्या पानावरून सांगता येत नाही.