लॅब्रॅडॉर परवडेल, पण विमा कुणाचा काढलाय?

प्रश्न : वय 36, पुण्यात टू बीएचके. हातात पगार 1.10 लाख, गृहकर्ज बाकी 40 लाख, हप्ता 34 हजार, घरखर्च 45 हजार. पत्नी नोकरी करत नाही. मुलं 7 आणि 4 वर्षांची. दोन्ही मुलांच्या नावाने 20 वर्षांच्या विमा पॉलिसी आहेत, वर्षाला एकूण 1.20 लाख, तीन हप्ते भरले. माझा कंपनीकडून 10 लाखांचा ग्रुप विमा आहे. मुलांसाठी कुत्रा घ्यायचाय, लॅब्रॅडॉर घ्यावा की बीगल? मादी घेतली तर पिल्लं विकून खर्च निघतो, असं ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करून विकणारा) म्हणतो.

उत्तर : पिल्लांचं डोक्यातून काढा. 2017च्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी पिल्लं काढायला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ब्रीडरला मादी खपवायची आहे, बाकी काही नाही.

लॅब्रॅडॉर मुलांत रमतो, पण तीस किलोचं जनावर आहे. खाणं, डॉक्टर, लसी, सुट्टीत बोर्डिंग धरून महिना साडेसहा हजार. बारा वर्षांत सव्वानऊ लाखांहून जास्त, तेही महागाई न धरता. बीगल खातो कमी, पण ओरडतो फार. सोसायटीत भांडणं होतील. म्हणजे लॅब्रॅडॉरच. तुम्हाला परवडतो.

परवडत नाहीत त्या दोन पॉलिसी. विमा कमावत्याचा काढायचा असतो. तुम्ही चार वर्षांच्या पोराचा काढलाय! उद्या तुमचं काही झालं तर 10 लाखांत कर्जाचा जेमतेम पाव हिस्सा फिटतो, आणि नोकरी सुटली की तेही गेले. एजंटने 'दुप्पट होतील' सांगितलं असणार. समजा 24 लाख भरून 20 वर्षांनी 45 लाख मिळाले, तरी ते जेमतेम पावणेसहा टक्के. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 53 लाख होतात.

कर्जाचे 40 लाख आणि वीस वर्षांचा घरखर्च धरून दीड कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत तुमचं काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा. सिगारेट, बीपी काही लपवू नका. वर्षाला साधारण वीस-बावीस हजार पडतील. सप्टेंबर 2025पासून जीएसटीही नाही. ही टर्म पॉलिसी हातात आल्यावरच जुन्या दोन्हींची पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी ठेवली तर) आणि सरेंडर (आताच मोडली तर) किंमत लेखी मागवा आणि हप्ते थांबवा. भरलेल्या 3.60 लाखांतले बरेच बुडतील. बुडू द्या, पुढचे 20 लाख तरी त्यात जाणार नाहीत.

मग पिल्लू आणा. धाकट्यापाशी त्याला एकटं सोडू नका. गावठी दत्तक घेतलंत तर आपल्या हवेला उत्तम, आणि ब्रीडरच्या वाचलेल्या वीस-पंचवीस हजारांत टर्मचा पहिला हप्ता भरला जाईल.