मागचा खट्ट आवाज आणि हवेत आवळलेले बोल्ट

पाऊस सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकच होतो. गाडीच्या मागून खट्ट आवाज येतो, बुश (सांध्यांतले रबर) बदलले, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. दहातल्या सात-आठ गाड्या जुन्या टाटा सफारी असतात, १९९८ साली पिंपरीतून बाहेर पडलेली आणि २०१९ पर्यंत या ना त्या रूपात चाललेली ती चॅसीवाली गाडी. (२०२१ ची सफारी नावापुरतीच तिची वारस. तिच्या मालकांनी हे वाचून गाडीखाली शिरू नये, तिचं मागचं काम पूर्ण वेगळं आहे.)

रचना एकदाच सांगतो. पाट्यांच्या जीपमध्ये पाटा (लीफ स्प्रिंग) वजनही पेलतो आणि हाऊसिंगला (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी खोळीला) जागेवरही धरतो. सफारीला मागे सलग हाऊसिंगच आहे, पण त्यावर कॉइल स्प्रिंग. ती फक्त वजन पेलते. हाऊसिंग धरायला पाच दांडे लागतात: खालचे दोन आर्म, वरचे दोन आणि हाऊसिंगला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रबरी बुश. म्हणजे दहा बुश, दहा बोल्ट, आणि दहा ठिकाणी चुकायची सोय.

रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की मागे खट्ट होतं. मेकॅनिक म्हणतो प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, गेले, मित्र म्हणतो बुश गेले. खरं कोण? – नाशिक

दोघांनीही गाडीखाली जाऊन पाहिलं का, ते आधी विचारा. सपाट जागा, इंजिन बंद, चारही चाकांना पुढून-मागून ओंडके, मग गाडी न्यूट्रल. शाफ्ट हाताने दोन्हीकडे फिरवा. क्रॉसमध्ये गाळा असेल तर तो बोटांना कळतो. नसेल तर आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच रेटा. चांगला बुश दबतो आणि परत येतो, गेलेला बुश आर्मला मोकळा सरकू देतो. रबरावर वरवरच्या बारीक चिरा दिसल्या म्हणून बुश बाद होत नाही. पण लोखंड लोखंडाला घासून चकाकत असेल तर निदान झालं. मग मेकॅनिकला तिथेच उभं करून दाखवा.

खालच्या आर्मचेच बुश बदलले तर चालतील का? – सातारा

चालतील, दोन्ही बाजूंचे बदललेत तर.

सर्व्हिसिंगला गाडी धुतल्यावर खालून ऑइलचा फवारा मारतात. त्याने बुशचा आवाज बंद होतो, हे खरं का? – लातूर

पाट्यांच्या काळातली ही सवय अजून सुटत नाही. पाट्यावर पाटा घासतो, तिथे तेलाला काही अर्थ होता. रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि सुटतं. आवाज थोडे दिवस बंद होतो हे खरं, म्हणून तर हा फवारा खपतो. पुढच्या वेळी 'नको' म्हणून सांगा, आणि पैसे कमी करून घ्या.

पीयू (पॉलीयुरेथेन) बुश आयुष्यभर टिकतात असं दुकानदार सांगतो. रबरी काढून सगळे दहा पीयू घालू का? – कोल्हापूर

कुणाच्या आयुष्यभर, ते त्याला विचारलंत का? घाटातल्या खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि दुसरं खड्ड्यात असतं, तेव्हा आर्म नुसता वर-खाली होत नाही, स्वतःभोवती पिळतोही. मऊ रबर तो पीळ पोटात घेतं. पीयू कडक, ते घेत नाही. मग तो जोर ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो. बुश टिकतो, ब्रॅकेट चिरतं. पॅनहार्ड रॉडला पीयू घातलंत तर माझी फारशी हरकत नाही, तिथे पीळ कमी असतो. बाकी आठ ठिकाणी रबरच ठेवा. पीयू घातलंच तर सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस नळीवर लावल्याशिवाय बसवू देऊ नका, नाहीतर गाडी जुन्या दरवाजासारखी कुरकुरेल.

चारही आर्मचे बुश बदलले, पाच महिन्यांत फाटले. गॅरेजवाला म्हणाला माल डुप्लिकेट होता. मग जास्त पैसे देऊन 'ओरिजिनल' घातले, तेही सहा महिन्यांत गेले. आता पूर्ण आर्मच बदला म्हणतो. काय करू? – ठाणे

काहीही विकत घेऊ नका. आधी हे वाचा.

डुप्लिकेट माल बाजारात आहेच, होलोग्रामसकट आहे. पण वेगवेगळ्या डब्यांतले बुश एकाच जागी, एकाच दिशेने फाटत असतील तर डब्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. मी एकच विचारतो: बोल्ट आवळले तेव्हा गाडीची चाकं कुठे होती?

बुशला बाहेर लोखंडी कडं असतं, आत लोखंडी नळी आणि मधलं रबर दोघांना पक्कं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन गालांत आवळली जाते. ती फिरत नाही, फिरायचीही नसते. आर्म वर-खाली होतो तेव्हा फक्त रबर पिळतं आणि सैल सोडलं की मूळ जागी येतं. ती मूळ जागा कोणती? बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात होता ती. रबराचा शून्य तुमचा पाना ठरवतो.

आता गॅरेजमध्ये काय होतं ते पाहा. दोन खांबांची लिफ्ट गाडीला चॅसीने उचलते, हाऊसिंग खाली लोंबतं, चाकं हवेत. पोऱ्या दहाही बोल्ट तिथेच हवेच्या गनने कडकडून आवळतो, कारण उभ्याने काम होतं. आर्म अर्धा मीटर लांब आणि हाऊसिंग १०० मिलिमीटर खाली लोंबलेलं धरा. कोन झाला साडेअकरा अंशांचा. गाडी खाली उतरली की रबर तेवढं पिळलेलंच राहतं. गाडी रात्रभर सोसायटीत उभी असतानाही ते पिळलेलंच. सकाळी त्यावर खड्डे, घाट, सामान. शिवाय पिळलेलं रबर गाडीला वर ढकलतं, त्यामुळे मागून गाडी किंचित उंच दिसते आणि मालक म्हणतो, वा, नवीन बुशने गाडी उचलली! ती उचलत नसते, बुश फाटायची तयारी करत असते.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. लिफ्ट नवी घेतली तेव्हा मीही हेच केलं. पहिल्या दोन सफारी तीन-चार महिन्यांत परत आल्या. मी दुकानदाराशी भांडलो, फुकट माल आणला, तो पुन्हा तसाच हवेत आवळला. आमच्या जुन्या गॅरेजात जमिनीत खणलेला खड्डा होता, त्यात गाडी आपल्या चाकांवर उभी असायची आणि आम्ही ओणवे. त्या काळी बुश का टिकायचे, याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. लिफ्टचा दोष नाही, शेवटचं आवळणं तिच्यावर करू नये एवढंच.

तर सगळे बोल्ट घालून नट फक्त टेकवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, चार फूट पुढे-मागे ढकलायची, मागच्या बाजूला जोर देऊन हलवायची, म्हणजे स्प्रिंग आपल्या उंचीवर बसतात. मग खड्ड्यात किंवा चार खांबांच्या रॅम्पवर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचं. किती, ते तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघून. 'हाताच्या अंदाजाने' हे उत्तर मिळालं तर गाडी घेऊन बाहेर पडा. नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट प्रत्येक वेळी नवे. बोल्टच्या डोक्यावरचा आकडाही बघा, तो मजबुतीचा असतो. मुळात १०.९ असेल तिथे हार्डवेअरच्या दुकानातला ८.८ नको, आणि डोक्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो गेटला लावा.

आर्म बदलायचा का? काढल्यावर दोन्ही बाजूंचे आर्म शेजारी ठेवून प्रत्येक टोकाला दोन्ही आर्मच्या भोकांतून एक सळई ओवून बघा. सरळ गेली तर आर्म शाबूत आहेत. वाकलेला निघाला तर बदलाच, तापवून सरळ करून घेऊ नका. वाकड्या आर्मने हाऊसिंग तिरकं बसतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

गाडी समुद्राजवळच असते, किनाऱ्यावर रेतीतही जाते. खालच्या आर्मच्या चॅसीकडच्या ब्रॅकेटचं भोक लांबट झालंय. वॉशर वेल्ड करून भागेल म्हणतात. – गुहागर

भागेल, घाट उतरताना सुटेपर्यंत. लांबट भोक हे बहुधा सैल बोल्टवर गाडी चालवल्याचं फळ, आणि खारी हवा बाकीचं उरकते. आधी गंज पूर्ण खरवडून पत्रा किती जाड उरलाय ते बघावं लागतं. हातोडीची चोच टोचून पत्रा दबला तर प्रश्न भोकाचा नाही, चॅसीचा आहे. ते चॅसीचं काम करणाऱ्या, मोजून जोडणाऱ्या माणसाकडेच न्या, कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे नको. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या. ब्रेकचा पाइप आणि डिझेलची टाकी जवळ असतील तर त्या हलवल्याशिवाय ठिणगी पाडू द्यायची नाही. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. पुढच्या रविवारी नव्हे.

काका, मी कॉलेजला आहे. बाबांच्या जुन्या सफारीच्या स्प्रिंगखाली दोन इंची स्पेसर (जाड चकती) टाकून ती उंच करायची आहे. स्पेसरवाला म्हणतो बाकी काहीच बदलायला लागत नाही. – पुणे

बाळा, त्याला स्पेसर विकायचाय. पॅनहार्ड रॉड ९०० मिलिमीटरचा आणि आत्ता एक टोक दुसऱ्यापेक्षा ८० मिलिमीटर उंच आहे असं धर. गाडी ५० मिलिमीटरने उचललीस की हाऊसिंग जवळजवळ ६ मिलिमीटर बाजूला सरकतं. पायथागोरस तुला येतोच, करून बघ. आर्मचे कोन बदलले की हाऊसिंग थोडं गोल फिरतं, शाफ्टच्या दोन क्रॉसचे कोन जुळत नाहीत आणि वेगात गाडी थरथरते. ब्रेकचा होज ताणला जातो. मागच्या ब्रेकला वजनाप्रमाणे दाब देणारा व्हॉल्व्ह हाऊसिंगला जोडलेला असेल तर त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. हे सगळं बाबांना वाचून दाखव. आधी जुने बुश आणि शॉकअप नवे कर, गाडी तशीच बरीच पुढे जाईल. तरी हौस उरली तर गाडी घेऊन कुणा जाणत्याकडे जा, ऑनलाइन मागवू नकोस.

माझ्याकडे १९९६ ची टोयोटा लँड क्रूझर ८० आहे, शुक्रवारी वाळवंटात नेतो. लांबी कमी-जास्त करता येणारे मागचे आर्म घ्यावेत का? – दुबई

मूळ उंचीवर असेल तर गरज नाही. उंच केली असेल तर उपयोग आहे, पण डावा-उजवा मिलिमीटरपर्यंत सारखा लावून लॉकनट आवळणारा माणूस हवा. तिथल्या वार्षिक तपासणीत हे चालतं का, ते खरेदीआधी विचारा.

पाट्यांच्या जुन्या जीपला पाट्यांऐवजी कॉइल आणि लिंक बसवून देतो असं एक फॅब्रिकेटर म्हणतो. – सोलापूर

नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी आधी खाली वाकून बघेल. पाटे नवे करून घ्या.

बुश घरीच बदलावेत म्हणतो. बुश दाबून काढा-घालायची प्रेस भाड्याने मिळते. – म्हापसा

एका वेळी एकच दांडा काढा, तो लावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. नाहीतर हाऊसिंग फिरतं आणि भोकं जुळवता जुळवता दिवस जातो. चॅसीखाली दोन भक्कम घोड्या, हाऊसिंगखाली वेगळा जॅक. दोन्ही शॉकअप एकदम सोडू नका, स्प्रिंग निसटते. जुना बुश गॅसने जाळून काढायचा मोह होईल, पण तो धूर विषारी असतो. बोल्ट नळीत गंजून अडकला असेल तर तिथेच थांबा आणि गॅरेजला फोन करा.

गाडीची पंधरा वर्षं पुढच्या महिन्यात पूर्ण होतात. नोंदणीच्या नूतनीकरणाआधी हे काम करावं की नंतर? आवाज गेल्या दिवाळीपासून आहे. – अकोला

आधी. आणि दिवाळीपासून आहे तर आजच. बुशचं काम दोन दिवसांचं, पण ब्रॅकेटला चीर निघाली तर आठवडे जातात आणि फिटनेसला नेमकं तेच बघतात. या आठवड्यात गाडी खड्ड्यावर घेऊन नुसते ब्रॅकेट तपासून घ्या, मग बाकीचं ठरवा.