द्रवणांक, विरघळणं आणि कल्हई

मुलुंडच्या एका पालकांचा प्रश्न आहे : आवर्तसारणीच्या एकाच गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, वरून खाली जाताना मूलद्रव्यांचा 'द्रवणांक' बदलतो म्हणायचं की 'विरघळणांक'? आणि तो वाढतो की कमी होतो?

द्रवणांक, म्हणजे पदार्थ ज्या तापमानाला वितळतो तो अंक. 'विरघळणांक' विसरा. 'बर्फ विरघळला', 'मेण विरघळलं' हे लोकलमध्ये, टीव्हीवर, अगदी शिकवणीच्या वर्गातही रोज कानावर पडतं आणि दर वेळी खटकतं. मीठ नळाच्या पाण्यात विरघळतं. वितळायला त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. विरघळायला दुसरा पदार्थ हवा, वितळायला उष्णता पुरे. जुन्या कोशांचे दाखले मला देऊ नका. बोलीत खपतं ते प्रयोगशाळेत खपत नाही.

आता कल. पहिल्या गणात अणू मोठा होत जातो तसा धातुबंध सैल पडतो : लिथियम १८०.५, सोडियम ९८, सिझियम २८.५. मुंबईच्या मे महिन्यात बंद काचनळीतलं सिझियम टेबलावर पडल्या पडल्या वितळेल. सतराव्या गणात उलट. रेणू मोठे, परस्पर आकर्षण जास्त, म्हणून क्लोरीन उणे १०१ आणि आयोडीन ११४.

चौदाव्यात मात्र गंमत आहे. सिलिकॉन १४१४, जर्मेनियम ९३८, कथील २३२, आणि त्याखालचं शिसं पुन्हा चढून ३२७. कथील असं लवकर वितळतं म्हणूनच कल्हई जमते. कल्हईवाला भाता मारून तांब्याचं पातेलं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या एका फेऱ्यात आतून चांदीसारखी चकाकी पसरते. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात, त्यामुळे भांड्याला धक्का नाही.

आणि 'कल्हई' हा शब्द! अरबी 'कलई' म्हणजे कथील. अरब भूगोलकार मलाया द्वीपकल्पाच्या बाजूला 'कलाह' नावाचं बंदर आणि त्याच्याजवळ कथलाच्या खाणी सांगतात. त्या गावावरून धातूला नाव पडलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने मात्र 'निदान शक्य आहे' एवढ्यावर हात झटकले. हा सावधपणा अनाठायी आहे. भारतात कथील मोजकंच सापडतं, मलायात मुबलक. माल जिथून येतो तिथलं नाव मालाला चिकटतंच. चिनी मातीला आपण चीन जोडलाच ना?