पडद्यापलीकडे जागं कोण असतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाची नोकरी जाऊन दीड वर्ष झालं. तुम्ही रोज पहाटे पाचला तासभर प्रार्थना करता, शुक्रवारी उपास धरता, बुधवारी चर्चच्या महिला मंडळात प्रार्थनेसाठी त्याचा विषय देता. तरी काही हलत नाही, उलट तो आता चर्चलाही येईनासा झालाय. मग माझा विश्वास कमी पडतो का?

विश्वासाचं आधी उरकून घेऊ. बायबलमधल्या प्रेषित पौलाने अंगातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. त्याचा विश्वास तोकडा होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मी अडले ती तुमच्या शेवटच्या ओळीपाशी. 'मोठ्याने केली की मन लागतं. तो पलीकडेच झोपतो, मध्ये नुसता पडदा.'

अहो, 26 वर्षांचा पोरगा तासभर ते ऐकत झोपून राहतो होय? 'प्रभू, ह्याचा आळस काढ, चुलतभावासारखं ह्याचंही बस्तान बसव' ही वाक्यं तुम्हीच लिहून पाठवलीत. देवाला मध्ये घालून पोराला बोलणी बसतायत, रोज, चहाच्याही आधी. आणि रविवारी ज्या बायकांसमोर त्याने यायचं, त्यांना बुधवारीच सगळं ठाऊक. कशाला येईल तो?

बायबलात पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. शिलोच्या मंदिरात हन्ना मुलासाठी प्रार्थना करते तेव्हा ओठ हलतात, आवाज नाही. जवळ बसलेल्या एली याजकालाही काही कळत नाही. त्याला वाटतं, बाई प्यायलीय. मग 18 वं वचन बघा. ती उठते, जेवते, चेहरा उतरलेला राहत नाही. पोटी अजून काहीच नाही हं, तिचा मुलगा शमुवेल नंतरचा.

तर उद्यापासून आवाज बंद. दार लावून घ्या असं मत्तय 6:6 मध्ये आहे. तुमच्याकडे दार नाही, तर ओठ मिटा. तासभर नको, पंधरा मिनिटं पुरेत. स्तोत्र 13 उघडून ओळीवर बोट ठेवा, कारण मुक्याने करताना मन दुधाकडे नाहीतर गॅसकडे पळतं. पहिली दोन वचनं निव्वळ तक्रारीची आहेत, ती स्वतःसाठी म्हणा. मग मुलाचं नाव घ्या, एकदाच, पुढे काही न जोडता. आणि कालची एक गोष्ट घेऊन आभार माना. रात्री नळाचं पाणी तोच भरतो, असं ओझरतं लिहिलंय तुम्ही. ते चालेल. फिलिप्पै 4:6 मध्ये मागणीबरोबर आभारही आहेत, आणि सातव्या वचनात हमी आहे ती शांतीची.

मंडळातला विषय ह्याच बुधवारी मागे घ्या. कुणी खोदून विचारलंच तर 'तो विषय आता देवाकडे सोपवलाय' एवढंच सांगा. मुलाला मात्र 'आता मी मुक्याने करते हं' असं ऐकवायला जाऊ नका.

आणि शुक्रवारी संध्याकाळी उपास सोडाल तेव्हा दोन ताटं वाढा.