धाग्यादोऱ्याचे प्रश्न : पट्ट्यावरचा ‘पीता’

प्रश्न : टेक्सासला राहणाऱ्या भाच्याने चामड्याचा एक मेक्सिकन पट्टा भेट दिला. त्यावर सायीच्या रंगाच्या दोऱ्याने वेली आणि घोड्याचे नाल भरले आहेत. सोबतच्या इंग्रजी चिठ्ठीत हे काम ‘पीता’ने केल्याचे लिहिले आहे. शोधायला गेलो तर पिटा ब्रेडच पुढ्यात येतो. हा कसला दोरा? घरातले म्हणतात, घायपातच असणार. पट्टा धुतला तर चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी तो ब्रेड बाजूला ठेवा; त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजीत गेलेला आहे आणि वनस्पतींच्या तंतूंवर लिहिणारे सोडले तर इंग्रजीत तो फारसा कुणी वापरत नाही. (ऱ्हस्व लिहिला तर आपल्याला तीर्थरूप आठवतात, म्हणून मी दीर्घ लिहिते.)

घरातले अगदीच चुकलेले नाहीत. स्पेनमध्ये ‘पीता’ म्हणजे घायपातच. मेक्सिकोतून तिकडे गेलेले हे झाड दक्षिणेकडच्या अल्मेरियाच्या कोरड्या माळांवर जिथे तिथे दिसते. पण मेक्सिकोतल्या कारागिराचा पीता वेगळा. ती अननसाच्या कुळातली वनस्पती, शास्त्रीय नाव एक्मिया मॅग्डालेनी. ओआहाका, चियापास, वेराक्रूझ या भागांतल्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत ती वाढते. पाने माणसापेक्षा उंच, कडेला आकडेदार काटे. पान कापायचे, गर खरवडून काढायचा, उरलेला वाख, म्हणजे पानातले तंतू, धुऊन उन्हात वाळवायचा आणि विंचरायचा.

तिथून हा वाख दूर उत्तरेला, हालिस्को राज्यातल्या कोलोत्लान गावी जातो. तिथे त्याचा दोरा हाताने वळतात आणि आरीने चामड्याला भोके पाडून नक्षी भरतात. आरी म्हटल्यावर मिरजेच्या माणसाला वेगळे सांगायला नको. या भरतकामाला ‘पितेआदो’ म्हणतात. घोडेस्वारीचे खेळ खेळणारे चार्रो असे पट्टे आणि खोगिरे मिरवतात. भरगच्च पट्ट्याला कित्येक आठवडे लागतात, खोगिराला महिनोन्‌महिने. किंमत ऐकून डोळे पांढरे होतात ते त्यामुळे. माझ्या मते ती रास्तच आहे.

मग घायपात का चालत नाही? मी विणकामाच्या शाळेत मुलांना आधी तंतू हाताळायला लावायची, नाव मागाहून सांगायची. घायपाताचा वाख हातात घेतलात की कळते : जाड, राठ, ताठ. त्याची दावी, कासरे, चऱ्हाटे उत्तम होतात. मराठवाड्यात त्याला केकताड म्हणतात आणि मातंग समाजातल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगल्या. नायलॉनने तो धंदा बसवला. पण चामड्यावर घोड्याची आयाळ भरायची तर केसासारखा बारीक आणि तरीही न तुटणारा तंतू लागतो. तो जंगलातल्या या चुलतभावाकडे आहे. हा चुलतभाऊ अननसाचा, घायपाताचा नव्हे. फिलिपिन्समध्ये अननसाच्याच पानांपासून पिन्या नावाचे झिरझिरीत कापड विणतात, हे लक्षात घेतले म्हणजे या घराण्याची नजाकत पटते.

आता शंका अशी की तुमचा पट्टा खरा पीत्याचा आहे का. बाजारात यंत्रावर कृत्रिम दोऱ्याने भरलेले पट्टेही भरपूर आहेत. मागच्या बाजूला दोऱ्याचे सुटे टोक सापडले तर चिमटीभर कापून चिमट्यात धरा आणि पेटवा. वनस्पतीचा तंतू कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. टोक सापडले नाही तर नक्षी उसवत बसू नका; भाच्याने प्रेमाने दिलेला पट्टा आहे.

धुवायचा मात्र अजिबात नाही. पाण्याने चामडे आखडते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. चामड्याला तेल लावायचेच असेल तर बोळ्याने नक्षी टाळून लावा, कारण तेल पिऊन हा दोरा पिवळट पडतो.

प्रश्न : बांधावरच्या घायपाताचा वाख घरी काढता येईल का?
— एक वाचक, जत

उत्तर : येतो, पण हातमोजे घालून आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच. त्या रसाने अंगाला भयंकर खाज सुटते. पाने पाण्यात कुजवून वाख काढायचा झाला तर घरापासून लांब कुजवा; वासाने शेजारी भांडायला येतील. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत किंवा ओढ्यात तर मुळीच नको.