वाडीवर जाण्याआधी

अगं,

समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू झालं, ठाण्यात काम पण मिळालं, खूप आनंद झाला बघ. विचारलंस ना की कातकरी आदिवासींच्या वाडीवर पहिल्या दिवशी काय करू, तर फॉर्मचा गठ्ठा पिशवीतच राहू दे. नुसती बस जाऊन.

माझं काय झालं ते ऐक. शहापूरकडच्या एका वाडीत सर्व्हे करत होते, ती बाई कातकरीतच बोलायची आणि मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिच्या आठ वर्षांच्या पोरीला मध्ये घेतलं, तिला शाळेतलं मराठी येत होतं ना. विचारलं, मुलं किती? पोरीने आईकडे बघितलं, आई चुलीत लाकूड सारत राहिली, शेवटी पोरगीच मान खाली घालून म्हणाली, दोन, एक मेलं. ते मी तिच्या तोंडून वदवून घेतलं गं. अजून आठवलं की पोटात कालवतं. लहान पोराला दुभाषी करायचं नाही, कधीच नाही. वाडीतलीच एखादी शिकलेली सून शोध आणि तिचा रोज बुडतो तो भरून दे, फुकट राबवू नकोस.

दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पोरांसकट, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. म्हणून कागदांचं काम पावसाळ्यात उरकायचं. खरी अडचण जातीच्या दाखल्याची. 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, आता ज्यांच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही ते कुठून आणणार? मग तहसीलला कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, आजोबाचं नाव शोधत बसायचं, आणि तिथे जात 'काथोडी' लिहिलेली दिसली तर घाबरू नकोस, अनुसूचित जमातीच्या यादीत काथोडी, कातकरी दोन्ही आहेत. एका क्लार्कने याच शब्दावरून आमचा अर्ज परत केला होता, तेव्हापासून यादीची झेरॉक्स माझ्या पिशवीत असतेच.

आणि दाखला हातात पडला की काम संपलं असं समजून गायब होऊ नकोस, फोटो काढून परत न येणारे त्यांनी खूप पाहिलेत.

शनिवारी ठाण्याहून सकाळची कसारा लोकल पकडू, मी लेडीज डब्यात थांबते, वाशिंदला उतरायचंय.

तुझी ताई