हलक्या काँक्रीटचे गर्डर

प्रश्न : नाल्यावर 20 मीटरचे चार प्रीस्ट्रेस्ड (आतल्या केबल ताणून काँक्रीट दाबात ठेवलेले) गर्डर टाकायचे आहेत. दोन्ही काठांना काळी माती असल्याने मोठी क्रेन उभी राहत नाही. फ्लाय ॲशच्या भाजलेल्या गोळ्यांची हलकी गिट्टी वापरून एम-50 ताकदीच्या काँक्रीटचे गर्डर केले तर ड्रॉइंग तेच चालेल का? (एक वाचक, वणी तालुका)

उत्तर : नाही. डिझाइन नव्याने करून घ्या. छेद 0.45 चौरस मीटर धरला तर एका गर्डरला 9 घनमीटर काँक्रीट लागते. नेहमीचे काँक्रीट साडेबावीस टन भरेल, हलके साडेसतरा. पाच टन वाचले हे खरे, पण क्यूब (तपासणीचा काँक्रीटचा ठोकळा) तीच ताकद दाखवत असला तरी इलॅस्टिक मॉड्युलस (काँक्रीटचा ताठरपणा) पाऊण पटीच्या आसपास येतो. केबल ताणल्यावर गर्डर जास्त आखडतो, ताणातली घट वाढते, कॅम्बरही (गर्डरचा मधला वरचा फुगवटा) वाढतो. महिन्याभराचा आणि आठवड्याचा गर्डर शेजारी बसवले तर माथे जुळत नाहीत. शिअर (कातर बल) पेलण्याची क्षमताही कमी धरावी लागते, आणि केबलची टोके धरणाऱ्या अँकरमागे चिरा पडू नयेत म्हणून तिथल्या सळईच्या रिंगा वाढवाव्या लागतात. मॉड्युलस काँक्रीटच्या नमुना सिलिंडरवर तपासून डिझायनरला द्या.

साइटवर घोळ होतो तो पाण्याचा. ही गिट्टी वजनाच्या 12 ते 18 टक्के पाणी पिते. कोरडी टाकली तर मिक्सरमधलेच पाणी ओढते आणि माल साच्यापर्यंत पोचेतो घट्ट होतो. पंप लावला तर दाबाने पाणी गोळ्यांत शिरून पाइप तुंबतो. ढिगावर किमान 24 तास स्प्रिंकलर चालू ठेवा, मग पाणी निथळू द्या आणि ताडपत्री टाका. मे महिन्याच्या उन्हात वरचा थर तासाभरात वाळतो, म्हणून दर पाळीला ओलावा मोजून बॅचचे पाणी बदला. व्हायब्रेटरची निडल जवळजवळ घाला, पण थोडाच वेळ ठेवा. जास्त फिरवली की गोळ्या वर तरंगतात आणि खाली नुसता मसाला उरतो.

नॉर्वेतल्या स्टोल्मा पुलाचा (1998) मुख्य गाळा 301 मीटरचा. तिथे स्वतःचे वजन हाच मोठा भार, म्हणून मधला भाग हलका केला. 20 मीटरला तेवढा फायदा नाही. चार गर्डरसाठी मुरूम दाबून क्रेनचा ओटा करणेच स्वस्त पडेल. जुनेच पिअर (पुलाचे खांब) वापरायचे असतील तर मात्र हलक्या काँक्रीटचा विचार करा.

प्रश्न : क्यूब फुटल्यावर गोळ्या मधोमध चिरलेल्या दिसतात. सिमेंट वाढवू का?

उत्तर : नको. पेस्ट गोळीपेक्षा मजबूत झाली आहे, आता सिमेंट वाढवून ताकद फारशी वाढत नाही, उष्णता आणि चिरा तेवढ्या वाढतात. लहान आकाराची, जास्त टणक गिट्टी मागवा.